भात्याला धाप का लागते?

साहेब, चार वर्षांत तुम्ही माझ्या भावाला आठ वेळा तपासलंत आणि आठही वेळा उभ्याउभ्या. एकदाही त्याला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं नाहीत. कारखान्याच्या दवाखान्यात खाट नाही म्हणावं, तर आहे. मी पाहिली आहे. तिच्यावर फायलींचे गठ्ठे पडलेले असतात. फायलींना आराम आणि माणसाच्या तोंडात नळी!

तुम्ही म्हणाल, ही बाई भांडायला आली. आलेच आहे. पण आधी सगळं सांगते, कारण मला हे कसं कसं कळत गेलं ते ऐकल्याशिवाय माझा प्रश्न तुमच्या डोक्यात शिरायचा नाही. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला राग आलाच नव्हता. एक गोष्ट जुळत नव्हती, एवढंच. न जुळणारी गोष्ट दिसली की मला चैन पडत नाही.

कामच तसं आहे माझं. आपल्या कारखान्यात प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी बनतात. खाली भट्टी, वर तपासणी खोली. मी वर बसते. खिडकीच्या उजेडात फ्लास्क धरायचा, हळूहळू फिरवायचा, काचेत बुडबुडा, खडा, रेघ आहे का बघायचं. एकवीस वर्षं हेच करतेय, म्हणून मला सगळे ‘भिंग’ म्हणतात. थोरला भाऊ खाली भट्टीवर फुंकतो. लांब फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि फुगवायचा. त्याला सगळे ‘भाता’ म्हणतात. लोहाराच्या भात्यापेक्षा याची छाती मोठी, असं मुकादम नव्या माणसांना सांगतो. दादा तेव्हा खाली मान घालून हसतो, पण छाती मात्र बाहेर काढतो.

दर सहा महिन्यांनी तुमची तपासणी. फुंकणारे चाळीस जण ओळीने उभे. पुठ्ठ्याची नळी तोंडात, जोरात फुंक, तबकडीवरची सुई कुठवर जाते ते तुम्ही बघणार. कारखान्याला वाटतं, फुंकणाऱ्याचा श्वास बघायचा तर फुंकायला लावा. सोपं आहे की. मलाही तेच वाटायचं, कुणाला नाही वाटलं? त्या दिवशी तर तिथे जत्रेसारखी मजा असते. दादाचा नंबर आला की मागचे ओरडतात, “भात्या, काच फोड आज!” तुम्हीच त्या तबकडीवर लाल पेनाने रेघ मारून ठेवलीत आणि तिला ‘भात्याची रेघ’ म्हणायला लागलात. सुई रेघेला टेकली की टाळ्या, तुमचा शिक्का, ‘भट्टीच्या कामास योग्य’. पुढचा.

आता जुळत नव्हतं ते सांगते.

आपल्याकडे रीत आहे, ज्याने फुंकलं त्यानेच दुसऱ्या दिवशी आपला ट्रे वर तपासणीला आणायचा. माल थंड व्हायला रात्र जाते. सकाळी ट्रे उचलायचा, बावीस पायऱ्या चढायच्या, माझ्या टेबलावर ठेवायचा. दोष निघाला तर तोंडावर ऐकून घ्यायचं. जिना मध्ये एकदा वळतो आणि त्या वळणावर सूचनाफलक आहे. माझ्या खुर्चीतून तो दिसतो.

गेल्या पावसाळ्याच्या आसपास दादा त्या फलकापाशी थांबायला लागला. ट्रे कठड्यावर टेकवायचा आणि सूचना वाचायचा. रोज. मला वाटलं, काही नवीन लागलंय. जेवायला उतरताना मीही वाचलं. पाण्याची टाकी धुवायची असल्यामुळे दोन तास पाणी बंद राहील. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी तो वर आल्यावर मी म्हटलं, “दादा, टाकी अजून धुऊन झाली नाही का रे?”

“कुठली टाकी?”

“जिची नोटीस तू रोज पाठ करतोस ती.”

तो हसला. हसताना मध्येच एकदा श्वास घेतला आणि मग उरलेलं हसू पुरं केलं. माझ्या शेजारची म्हणाली, “भाऊ, पोट आत घ्या, पायऱ्या आपोआप कमी होतील.” आम्ही दोघी हसलो. हो, मीही हसले. ते लपवत नाही.

मग मी त्याचे फ्लास्क तपासायला घेतले. आणि इथे माझं डोकं अडकलं. ज्याला बावीस पायऱ्यांना धाप लागते, त्याच्या फुंकण्यात ती दिसायला हवी की नको? श्वास तुटला तर काच एकीकडे जाड, एकीकडे पातळ व्हायला हवी. मी फिरवून फिरवून बघितलं. बुडाला एकसारखा, मानेला एकसारखा. वजन केलं, जुन्या मालाशी ताडून पाहिलं. काही फरक नाही. एका बाजूने सांगायचं तर माणूस ठणठणीत. दुसऱ्या बाजूने बघायचं तर तो जिन्यात उभा राहून टाकीची नोटीस वाचतोय.

बायका नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधतात म्हणे. मी भावाचा श्वास शोधत फिरत होते. कधी चालताना बोलतो, कधी थांबून बोलतो, हे मोजायला लागले. सपाट जमिनीवर भट्टीपासून फाटकापर्यंत तो बोलत यायचा. फाटकाबाहेर चढ आहे. तिथे तो गप्प व्हायचा आणि मला बोलायला लावायचा. “तुझ्या पोरीच्या परीक्षेचं काय झालं, सांग ना.” मी सांगत बसायचे. बिलंदर माणूस! मामा म्हणून कौतुक करतोय असं वाटायचं मला.

शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सरळ विचारलं. “दादा, जिना चढताना तुला दम लागतो. मग फुंकताना का नाही लागत?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल.”

“आधी सांग.”

“अगं वेडे,” तो म्हणाला, “फुंकायला श्वास लागतो कुठे?”

माझा जन्म गेला काचेत आणि हे मला माहीत नव्हतं. त्याने शेजारची थंड फुंकणी उचलून दाखवलं. हवा गालात घ्यायची. चमचाभर आत सोडायची आणि लगेच अंगठ्याने नळीचं तोंड बंद करायचं. आतली हवा गोळ्याच्या उष्णतेने आपोआप फुगते. माणसाने फक्त फिरवत राहायचं. “छाती लावतो तो नवशिका,” दादा म्हणाला. “त्याचा गोळा फुटतो. तीस वर्षं झाली, मी छातीने फुंकलेलंच नाही. सगळं गालावर आणि अंगठ्यावर.”

“आणि डॉक्टरांची सुई?”

आता तो खरंच लाजला. “ते आणखी सोपं आहे. थुंकल्यासारखा एक झटका द्यायचा. जिभेने. सुई उडते.”

“म्हणजे तू चार वर्षं डॉक्टरांना फसवतोयस?”

“फसवतोय काय! ते म्हणतात फुंक, मी फुंकतो. त्यांनी कधी विचारलं का, जिना चढतोस का?”

बघा साहेब. हे माझं वाक्य नाही, त्याचं आहे.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “वहिनी, दादाला झोप कशी लागते?”

“झोप?” ती म्हणाली. “वन्सं, तुमचा भाऊ झोपतो कुठे, बसतो. आधी दोन उशा घेतल्या, मग तीन. माझी पण काढून घेतली. मी म्हटलं, घोरतो म्हणून उंच घेत असेल, बरंच झालं, माझे कान वाचले. आता महिना झाला, आरामखुर्चीतच पडतो. मध्येच दचकून उठतो, खिडकी उघडतो, तोंड बाहेर काढून बसतो. विचारलं तर म्हणतो, उकडतंय. थंडीत कसलं उकडतंय?”

“आणि बूट का बदलले त्याने? ते नाडीचे छान होते.”

वहिनीने घडी अर्धीच ठेवली. “बूट होत नाहीत म्हणाला. मला वाटलं, आटले.”

पन्नाशीतल्या माणसाचा पाय वाढत नाही, साहेब. मी दादा आल्यावर त्याचा मोजा खाली ओढला. तो ओरडला, “अगं काय हे, लहान आहे का मी?” मोज्याच्या रबराची खाच पायावर एवढी खोल, की त्यात बोटाचं पेर बसावं. आणि खालचं पाऊल कुणा दुसऱ्याच जाड माणसाचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्हाला आठवत नसेल. मला तुमचा शब्द न् शब्द आठवतो.

मी म्हटलं, “दादाला धाप लागते.” तुम्ही हसलात. म्हणालात, “भात्याला? धाप?” मग रजिस्टर उघडलंत आणि माझ्यासमोर फिरवलंत. “हे बघा, सुई कुठे आहे. त्याची फुप्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत.”

मी म्हटलं, “फुप्फुसं चांगली असतील तर दम का लागतो?”

केवढा चांगला प्रश्न होता तो! तुम्ही डॉक्टर आहात. हा प्रश्न ऐकून तुम्ही खुर्चीतून उठायला हवं होतं. फुप्फुसं चांगली आहेत आणि तरी दम लागतोय, मग बिघाड दुसरीकडे कुठे आहे, हा प्रश्न मी विचारायला नको होता, तुम्हाला पडायला हवा होता. तुम्ही म्हणालात, “वजन कमी करायला सांगा. भट्टीजवळ गरमीने होतं थोडं.” आणि पुढच्याला हाक मारलीत. मी पायाचं सांगत होते ते ऐकलंत की नाही कोण जाणे. खाटेवरच्या फायलींनी ऐकलं असेल.

आता राग आला मला. आणि राग आला की मी जरा जास्तच शोधते.

जेवणाच्या सुट्टीत दादाला वर बोलावलं. माल बांधायचं लांब टेबल आहे ना, त्याच्यावर पुठ्ठे अंथरले आणि म्हटलं, “झोप.”

“का?”

“झोप म्हटलं की झोपावं. उताणा. उशी नाही.”

“वेड लागलंय हिला,” तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, पण झोपला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिले. पहिलं मिनिट गप्पा मारत होता. दुसऱ्या मिनिटाला गप्पा बंद. मग नाकपुड्या फुगल्या. मग त्याने टेबलाची कड धरली. तिसरं मिनिट भरायच्या आत तो उठून बसला, पाय खाली सोडले आणि पुढे वाकून श्वास घ्यायला लागला. कुणी धक्का दिला नाही, पळायला लावलं नाही, वजन उचललं नाही. नुसतं आडवं व्हायला सांगितलं होतं. आणि भाता टेबलावर बसून धापा टाकत होता.

खोलीत कुणी हसलं नाही.

मग बघायला जमलेल्या भट्टीवरच्या मंडळींना भलताच उत्साह आला. “मी पण बघतो,” म्हणत एकेक जण टेबलावर. त्या आठवड्यात अकरा जण आडवे झाले. नऊ जण घोरायला लागले, त्यांना उठवताना माझ्या नाकी नऊ आले. एक जण उठला, पण त्याची पाठ दुखत होती. अकरावा खुद्द मुकादम. तो दोन मिनिटांत उठला, “टेबल फार कडक आहे तुमचं,” म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तुम्ही भात्याला कुठे दाखवणार म्हणालात?”

मी डॉक्टर नाही. टेबलावर कुणाचा रोग कळत नाही, हे मलाही माहीत आहे. पण माणसाला कुठे नेलं पाहिजे एवढं कळतं.

दादाला मी मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. यायला तयार नव्हता. वाटेत भांडला. “श्वास कमी आहे असं कागदावर लागलं तर भट्टीवरून काढतील मला. झाडू देतील हातात. पोरं काय म्हणतील, भाता झाडतोय?”

“आणि नाही लागलं तर?”

“तर काय?”

“तर एक दिवस जिन्यात ट्रेसकट पडशील. माल फुटेल, आणि मला दोष लिहावा लागेल.”

तो हसला नाही. पण बसमधून उतरलाही नाही.

तिथली डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. दादाकडे बघून तिने पहिला प्रश्न विचारला, “झोपताना उशा किती घेता?”

साहेब, मला रडू आलं. मी जे चार महिने शोधत होते ते तिने खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं. मग, जिना किती चढता? पायाला सूज? रात्री दचकून उठता? तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. दादा म्हणाला, “काय डॉक्टर, मडकं घडवताय का?” ती हसली, पण खड्ड्याकडे बघत राहिली. कानाला नळ्या लावून पाठीवर खालपासून वरपर्यंत ऐकलं. खाटेवर झोपवलं, डोक्याकडची बाजू उंच करून. ईसीजी काढला. दुसऱ्या खोलीत यंत्रावर हृदय हलताना दाखवलं. पडद्यावर ते धडधडत होतं, पण एका बाजूची भिंत नुसती डुलत होती, दाबत नव्हती.

“छातीत कधी दुखलं होतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“तरी एक झटका येऊन गेलेला दिसतो. सगळ्यांच्या छातीत कळ येत नाही. साखर असलेल्यांना तर पुष्कळदा कळतच नाही. काहींना फक्त दम लागतो. साखर कधी तपासली होती?”

दादा म्हणाला, “आमच्याकडे फुंकर तपासतात.”

मी तिला सगळं विचारून घेतलं. सोडते कशाला? आडवं झाल्यावरच का? चढावरच का? तिने कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदय रक्त पुढे ढकलतं. ते अशक्त झालं की मागे तुंबतं. मागे काय आहे, तर फुप्फुसं. तिथे पाणी झिरपतं. चढ चढताना शरीर जास्त रक्त मागतं आणि हृदय देऊ शकत नाही. झोपलं की पायात साचलेलं पाणी छातीकडे परत येतं आणि आणखी भरतं. “धाप फुप्फुसात जाणवते,” ती म्हणाली, “पण चूक दर वेळी तिथेच असते असं नाही.”

“वर्षापूर्वी आलो असतो तर?” मी विचारलं.

तिने आडपडदा ठेवला नाही. “तर यातला बराचसा स्नायू वाचवता आला असता. आता जो आहे तो सांभाळायचा.”

आठवडाभर ठेवून घेतलं. पाणी उतरवायच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, मीठ कमी. पाचव्या दिवशी तो एका उशीवर झोपला. वहिनी रात्रभर त्याच्याकडे बघत बसली, घोरण्याचा आवाज ऐकायला. सकाळी मला म्हणाली, “वन्सं, एवढं गोड घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं.”

म्हणजे औषध लागू पडतंय. म्हणूनच मी आज इथे आहे.

सुट्टी देताना डॉक्टरणीने हृदयाचा रिपोर्ट जोडून पत्र दिलं. तीन महिने भट्टीची आच नको, वजन घेऊन जिना नको, बसून करायचं काम द्यावं, नंतर पुन्हा तपासू. पत्र मुकादमाने हातोहात घेतलं आणि सही करून तुमच्याकडे पाठवलं. त्याने का एवढी घाई केली ते तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तोही आता तिच्याकडे जातो.

तुम्ही काय केलंत? दादाला बोलावलंत, पत्र बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, “बघू, फुंक.”

आणि त्या शहाण्याने फुंकलं! लाल रेघेपर्यंत. घरी आल्यावर मी त्याला इतकं बोलले, की वहिनी मध्ये पडली. “का फुंकलंस? कशाला? जीव नकोसा झालाय का?” तो पोरासारखा खाली बघत म्हणाला, “नळी तोंडात आली की राहवत नाही गं. मागे सगळे उभे होते.”

त्याचं मी समजू शकते. गाढव आहे, पण माझा भाऊ आहे. तुमचं काय? तुमच्या हातात हृदयाचा रिपोर्ट होता. पडद्यावर दिसलेली ती न दाबणारी भिंत त्यात शब्दांत लिहिली होती. तरी तुम्ही त्याच पत्राच्या पाठीवर शिक्का मारलात, ‘भट्टीच्या कामास योग्य’. पुढच्या बाजूला ‘भट्टी नको’, मागच्या बाजूला ‘भट्टी चालेल’. एकाच कागदावर. मी एकवीस वर्षं काचेतले दोष काढतेय, पण असला माल माझ्या टेबलावर कधी आला नाही.

उद्या सकाळी सातला त्याची पाळी लागली आहे. भट्टीवर. गेल्या आठवड्यापासून ट्रेही दीडपट मोठे केलेत. तो जाणार आहे. तुमच्या शिक्क्याला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नाही, कारण नाही म्हटलं तर कामावरून कमी होईल आणि ‘भाता’ हे नावही जाईल. मुकादम म्हणतो, दवाखान्याचा शिक्का असताना मी दुसरं काम देऊ शकत नाही. म्हणजे सगळं तुमच्यापाशी येऊन थांबलंय.

मी तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. जेवायला गेलेले नाही आणि जाणारही नाही. हा कागद तुमचा माणूस आत आणून देईल. त्याच्यासोबत ते पत्रही आहे, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला रुग्णालयाचं म्हणणं खोटं वाटत असेल तर त्याखाली ‘हे खोटं आहे’ असं तुमच्या अक्षरात लिहा आणि सही करा. खरं वाटत असेल तर मागचा शिक्का खोडा आणि तिथे सही करा. वजन, गरमी, सुई, रजिस्टर, यातलं काही मला आता ऐकायचं नाही. उद्या सातच्या आत दादाने भट्टीवर जायचं की नाही?

लिहून द्या. हो की नाही?